ट्विचवर चार तास रस्टचे स्ट्रीम बघूनही ड्रॉप खेळात का आले नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी असताना तुम्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर रस्ट या खेळाचे स्ट्रीम सुमारे चार तास चालू ठेवले, ते ड्रॉपसाठी, म्हणजे स्ट्रीम बघण्याबद्दल खेळात मिळणाऱ्या वस्तूंसाठी. अर्ध्या तासाच्या वस्तूची पट्टी १०० टक्क्यांवर गेली, दोन तासांच्या वस्तूची ३६ टक्क्यांवर अडकली, एका ठरावीक स्ट्रीमरच्या नावाची वस्तू शून्यावरच राहिली आणि खेळात यांपैकी काहीच दिसत नाही. तेव्हा ट्विच आणि स्टीम (जिथून रस्ट विकत घेऊन खेळतात ते दुकान) यांच्या अकाउंटांची जोडणी तोडून ती नव्याने करावी का, असे तुम्ही विचारले आहे.

जोडणी तूर्त तोडू नका. ड्रॉप अडला की बहुतेक जण प्रथम तेच करतात आणि मग मूळ दोष कुठे होता हे शोधायची सोयच उरत नाही. तुमच्याकडे तीन वस्तूंची तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांतले फक्त एकच, तेही कदाचित, जोडणीचे आहे.

मुळात हा व्यवहार दोन काठांवर चालतो. तुम्ही किती मिनिटे काय बघितले याचा हिशेब ट्विच ठेवते. वस्तू प्रत्यक्ष देण्याचे काम खेळाच्या कंपनीचे, म्हणजे रस्टच्या बाबतीत फेसपंच स्टुडिओजचे, आणि ती वस्तू येते तुमच्या स्टीमच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे मिळालेल्या वस्तूंच्या यादीत. मध्ये नदी आहे असे समजा. पलीकडे नेणारी फेरीबोट धक्क्याला लागलेली असली तरी तिच्यात आपले आपण चढावे लागते, आणि ते चढणे म्हणजे 'क्लेम' हे बटण दाबणे. पट्टी १०० टक्के भरली याचा अर्थ तुम्ही धक्क्यापर्यंत पोचलात, एवढाच.

म्हणून पहिल्या वस्तूपासून सुरुवात करू. ट्विचवर उजव्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर टिचकी मारली की यादीत 'ड्रॉप्स' असा शब्द असलेली ओळ दिसेल. तिथे चालू मोहिमांचे (ठरावीक दिवस चालणाऱ्या ड्रॉपच्या वाटपांचे) एक पान असते आणि तुमच्या ट्विचवरच्या 'इन्व्हेंटरी'चे दुसरे. या दुसऱ्या पानावर ती वस्तू क्लेमच्या बटणासकट अजून पडून असेल, तर ती खेळात दिसत नाही यात कोणाचाच दोष नाही. ते बटण दाबा. मोहीम संपल्यानंतर क्लेमसाठी जी मुदत मिळते ती थोडीच असते आणि ती उलटली की पूर्ण भरलेली पट्टीसुद्धा वाया जाते, म्हणून हे उत्तर पुढे वाचण्याआधी तेवढे करून या. काही मोहिमांत टप्पे एकामागून एक लावलेले असतात आणि आधीची वस्तू क्लेम केल्याशिवाय पुढचीची पट्टी हलतच नाही. चॅटमध्ये क्लेमची सूचना येते खरी, पण स्ट्रीम लावून माणूस माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला गेला असेल तर ती बघणार कोण?

क्लेम केलेले असूनही वस्तू आलेली नसेल, तर मात्र जोडणी तपासायची. तपासायची, तोडायची नाही. ट्विचच्या सेटिंग्जमध्ये 'कनेक्शन्स' नावाचे पान आहे, तिथे आणि फेसपंचच्या ड्रॉप्सच्या पानावर अशा दोन्ही ठिकाणी तुम्ही नेमक्या कोणत्या नावाने आत आहात हे अक्षरन्‌अक्षर वाचा. हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण हा गोंधळ मी स्वतः घातलेला आहे. कॉलेजात असताना काढलेले एक जुने स्टीम अकाउंट माझ्या ब्राउझरने लक्षात ठेवले होते. जोडणी करताना मी हिरव्या बटणावर निर्धास्तपणे दाबत गेलो आणि पुढचे दोन दिवस डिचोलीत घरी बसून 'वस्तू आली नाही, वस्तू आली नाही' म्हणून कुरकुरत राहिलो. वस्तू पहिल्याच रात्री आलेली होती, पण त्या जुन्या अकाउंटात, जिथे रस्ट विकत घेतलेलेसुद्धा नव्हते. एकदा एका अकाउंटात उतरलेला ड्रॉप दुसऱ्यात हलवून मिळत नाही. आमच्या भाच्याने त्यावर जे उद्गार काढले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. दोन्हीकडची नावे बरोबर असतील तर खेळ पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, स्टीमची इन्व्हेंटरी बघा आणि दिवसभर थांबा. मोठ्या मोहिमेत एकाच वेळी असंख्य लोकांच्या वस्तू वाटल्या जात असतात, त्यामुळे क्लेम आणि प्रत्यक्ष वस्तू यांच्यात काही तासांचे अंतर पडू शकते.

आता तुमची ३६ टक्के. तुमच्या साऱ्या प्रश्नात हा आकडा मला सर्वांत बोलका वाटला. दोन तासांचे ३६ टक्के म्हणजे ४३ मिनिटे. तुम्ही सांगता की मोबाइलचा प्लॅन दिवसाला २ जीबीचा होता आणि चित्राचा दर्जा तुम्ही सर्वांत वरचा, १०८० चा, निवडला होता. ट्विचवरचे बरेच मोठे स्ट्रीमर या दर्जाला सेकंदाला ६,००० किलोबिटच्या आसपास प्रक्षेपण करतात, आणि या वेगाने तासाला सुमारे २.७ जीबी डेटा लागतो. म्हणजे तुमचे २ जीबी साधारण ४४ मिनिटांत संपले असणार. हिशेब एका मिनिटाच्या फरकाने जुळतो, तेव्हा माझ्या मते इथे गूढ असे काहीच नाही. रोजचा कोटा संपला की आपल्याकडच्या बऱ्याच प्रीपेड प्लॅनमध्ये वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. त्या वेगात व्हॉट्सॲपचा निरोप रडतखडत जातो, स्ट्रीम चालत नाही. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले आणि उरलेले तीन तास तुम्ही ते चक्र बघितलेत, किंवा घरात आरती चालू होती म्हणून तेही बघितले नाहीत. गोठलेल्या चित्राची मिनिटे ट्विच मोजत नाही.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. ड्रॉपसाठी चित्र कोणत्या दर्जाचे आहे याला महत्त्व नाही. प्लेयरच्या कोपऱ्यातल्या चाकावर टिचकी मारून दर्जा १६० वर आणला, तर तासाला सुमारे १०० एमबी खर्ची पडतात, म्हणजे चार तासांचे ४०० एमबी. तेवढे २ जीबीत आरामात बसते आणि संध्याकाळी मुंबईच्या मावशीला व्हिडिओ कॉल करायलाही डेटा शिल्लक राहतो. चित्र धुरकट दिसेल, पण तुम्ही ते बघत नव्हता हे आपण दोघेही जाणतो. आवाजाचे म्हणाल, तर प्लेयर म्यूट करण्याऐवजी मी ब्राउझरचा तो टॅब म्यूट करतो आणि प्लेयरचा आवाज अगदी बारीक ठेवतो. त्या पद्धतीत माझी मिनिटे आजवर कधी कमी भरलेली नाहीत.

मोबाइलच्या ॲपवर बघणाऱ्यांची तऱ्हा थोडी वेगळी असते. गेल्या चवथीला आमच्या भाच्याने स्ट्रीम लावून फोन चार्जिंगला ठेवला आणि पोरांबरोबर घुमट (आरतीत वाजवायचे मातीचे वाद्य) घेऊन वाड्यावरच्या घराघरांतून आरत्यांना निघून गेला. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत इकडे वीज गेली, चार्जिंग थांबले, बॅटरी उतरत गेली आणि फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲप निमूटपणे बंद करून टाकले. रात्री परतल्यावर पट्टी होती १२ टक्के. तेव्हापासून घरात नियम झाला आहे: बॅटरी सेव्हरच्या यादीतून ट्विचला वगळायचे, पडदा आपोआप बंद होण्याची वेळ वाढवायची आणि दर अर्ध्या तासाला कोणीतरी इन्व्हेंटरीचे पान उघडून टक्केवारी पुढे सरकली की नाही ते बघायचे. लॅपटॉपवाल्यांनी झाकण मिटल्यावर यंत्र झोपी जाणार नाही अशी सोय करावी. पट्टी मिनिटागणिक हलत नाही, तिला मागून यायची सवय आहे. पण अर्ध्या तासात ती जागची हलली नसेल तर नक्की काहीतरी बिनसले आहे असे समजून पान ताजे करावे, जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन आणि व्हीपीएन थोडा वेळ बंद ठेवावे आणि तरीही फरक पडला नाही तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये लॉग इन करून बघावे.

शून्यावर राहिलेल्या तिसऱ्या वस्तूचे कारण तुमच्याच एका वाक्यात आहे: 'वेळ वाचावा म्हणून दोन टॅबमध्ये दोन स्ट्रीम लावले होते.' ट्विच एका वेळी एकाच वाहिनीवरची मिनिटे धरते. दोन टॅब लावून वेळ दुप्पट होत नाही, उलट कोणत्या वाहिनीची मिनिटे पदरात पडत आहेत हेच कळेनासे होते आणि तुमच्या बाबतीत तर डेटाही दोन्हीकडून गळत होता. तो हिशेब धरला तर तुमचा दुसरा स्ट्रीम जेमतेमच चालला असेल, नाहीतर ४३ मिनिटेही भरली नसती. रस्टच्या मोहिमांत साधारणपणे दोन प्रकारच्या वस्तू असतात: काही वस्तू ड्रॉप चालू असलेल्या कोणत्याही रस्ट स्ट्रीमवर मिळतात, तर काही एकेका स्ट्रीमरच्या नावाने बनवलेल्या असतात आणि त्या फक्त त्याच्याच वाहिनीवर, तो प्रत्यक्ष थेट असताना मिळवता येतात. तो झोपलेला असताना त्याच्या वाहिनीवर जुने रेकॉर्डिंग बघून काही पदरात पडत नाही. शिवाय तो थेट असला तरी त्या वेळी रस्टच खेळत असला पाहिजे आणि स्ट्रीमच्या शीर्षकाखाली ड्रॉप चालू असल्याची खूण दिसली पाहिजे. नामांकित स्ट्रीमरसुद्धा मध्येच खेळ बदलतात किंवा नुसत्या गप्पांचा विभाग निवडून बसतात, आणि तेवढा वेळ तुमची पट्टी थांबते.

युरोप-अमेरिकेतला स्ट्रीमर थेट केव्हा येतो हेही गोव्याच्या घड्याळात मांडून घ्या. खेळांच्या घोषणांमध्ये पुष्कळदा पॅसिफिक वेळ, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ, दिलेली असते. तिथे मार्च ते नोव्हेंबर घड्याळ एक तास पुढे असते, त्या काळात आपण त्यांच्यापेक्षा साडेबारा तास पुढे असतो आणि उरलेल्या हिवाळ्यात साडेतेरा. सप्टेंबरमधली मोहीम 'सकाळी १० वाजता' सुरू झाली, तर आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. 'रात्री ११:५९ ला' संपली, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची दुपार, १२ वाजून २९ मिनिटे. घोषणेतली तारीख आपलीच समजून चालणाऱ्याचा अर्धा दिवस सुरुवातीला वाया जातो आणि शेवटचा अर्धा दिवस हातात असतो हे त्याला कळतही नाही. माझ्या अनुभवात स्ट्रीमरच्या नावाच्या वस्तूंसाठी या शेवटच्या अर्ध्या दिवसासारखी वेळ नाही.

ड्रॉप हे नशिबाचे काम असते असे तुम्ही शेवटी लिहिले आहे, ती समजूत जुन्या मोहिमांमधून आलेली असावी. एप्रिल २०२० मध्ये व्हॅलोरंट या खेळाच्या बंद बीटाचा (निवडक लोकांसाठीच्या चाचणी आवृत्तीचा) प्रवेश ट्विचवरच्या ड्रॉपमधून मिळत असे, आणि तिथे ठरावीक वेळ बघून तुम्ही फक्त पात्र ठरत होता, प्रवेश मिळेलच असे नव्हते. तुम्ही ज्या मोहिमेबद्दल विचारता ती सरळ मिनिटांच्या हिशेबावर चालते. त्यात सोडत नाही.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहा. चॅटमध्ये किंवा डिस्कॉर्डवर कोणी 'अडकलेला ड्रॉप सोडवून देतो' म्हणून दुवा पाठवला, तर तो उघडू नका. अशा पानांवर स्टीमच्या लॉगिनची हुबेहूब दिसणारी खिडकी येते. ती प्रत्यक्षात खिडकी नसून त्याच पानावर काढलेले चित्र असते. तिची वरची कड धरून तिला ब्राउझरच्या चौकटीबाहेर ओढून बघा, खोटी असेल तर ती कडेला येऊन अडते. फेसपंचच्या पानावर पोचायचे तर पत्ता स्वतः टाइप करून जावे. पासवर्ड चुकून दिला गेलाच, तर आधी तो बदलावा, सगळ्या यंत्रांवरून अकाउंट साइन आउट करावे आणि पैसे किंवा किमती वस्तू गेल्या असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा.

एवढे करूनही क्लेम केलेली वस्तू दोन दिवसांत आली नाही, तर तक्रार कोणाकडे करायची हे पुन्हा त्या दोन काठांवरून ठरते. पट्टी चुकीची भरली असेल किंवा क्लेमचे बटण चालत नसेल तर ट्विचकडे. क्लेम झाल्याची नोंद ट्विचच्या इन्व्हेंटरीत दिसते पण स्टीममध्ये वस्तू नाही, असे असेल तर फेसपंचकडे. सोबत इन्व्हेंटरीच्या पानाचा स्क्रीनशॉट, क्लेमची तारीख आणि दोन्ही अकाउंटांची नावे द्या. जोडणी तोडून नव्याने करण्याचा उपाय त्यांनी सांगितला तर, आणि फक्त तेव्हाच, करा.

चार तासांपैकी गोठलेल्या चित्राचे तीन तास परत मिळणार नाहीत. पहिली वस्तू क्लेम केलीत की तुमची आहे. दुसरीची ७७ मिनिटे बाकी आहेत आणि मोहीम संपायच्या आत ती एका टॅबमध्ये, १६० च्या दर्जावर सहज भरतील. तिसरीसाठी तो स्ट्रीमर आज रात्री थेट येतो का ते आधी बघा आणि येत असेल तर दुसरी बाजूला ठेवून त्याचीच वाहिनी लावा.