गोळी मनानं बंद करू नका, भाऊ

तळपायाची आग आणि रात्रभर मुंग्या, हे मी ६ वर्षं भोगतोय, म्हणून सांगतो. प्रीगॅबालिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरची गोळी, सुरू झाली तेव्हा सकाळी अशी चक्कर यायची की परभणीच्या स्टँडवर खांब धरून उभा राहिलो होतो. वाटलं, यापेक्षा दुखणं परवडलं. डॉक्टरांनी डोस कमी करून रात्रीचा केला, आणि तिसऱ्या आठवड्यात सलग ४ तास झोप लागली. त्या झोपेची किंमत ज्याला आग होते त्यालाच कळते.

एक वही करा. दुखणं १० पैकी किती, झोप किती, चक्कर, पायावर सूज, वजन, एवढंच लिहा. दुखणं शून्यावर येईल ही आशा धरू नका. ८ चं ४ झालं आणि बांधापर्यंत चालता आलं, तर गोळी कामाची. पण दिवसभर गुंगीत पडून राहावं लागत असेल तर तो सौदा मला पटत नाही. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, दुसऱ्या गोळ्या आहेत. त्यातली अ‍ॅमिट्रिप्टिलिन तोंड कोरडं पाडते, आपल्याकडच्या मे महिन्यात ते फार जाणवतं.

एकदम बंद मात्र करू नका. माझ्या गोळ्या एकदा संपल्या, तर दोन रात्री घाम आणि तळमळ. डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायची. गुंगी असेपर्यंत मोटारसायकल नको, दारू तर नकोच. किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा, डोस बदलतो. आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी पडलं तरी पायाची अशीच आग होते.