स्मार्ट उपकरणांआधी घरचे वायरिंग: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

स्मार्ट स्विच, स्मार्ट प्लग आणि मोबाइलवरून चालणाऱ्या दिव्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. बहुतेक वाचक उपकरण आधी विकत आणतात आणि भिंतीतल्या तारांचा विचार अडचण आल्यावर करतात. हा क्रम उलटा असायला हवा, असे मला मनापासून वाटते, आणि तसे का वाटते ते पुढील उत्तरांतून स्पष्ट व्हावे.

प्रश्न: आमचे घर तीस वर्षांचे जुने आहे. स्विचच्या मागे बसणारी स्मार्ट मॉड्यूल आणली, पण वायरमनने बोर्ड उघडून ‘इथे न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) नाही’ असे सांगितले. दुसऱ्या एकाने अर्थिंगची तारच न्यूट्रल म्हणून वापरण्याचा सल्ला दिला. तसे करावे का?

उत्तर: मुळीच करू नये, आणि हा सल्ला देणाऱ्याकडून घरातले कोणतेच विजेचे काम करून घेऊ नये. अर्थिंगच्या तारेतून रोजच्या वापरात प्रवाह वाहणे अपेक्षित नसते. बिघाड झाला तर प्रवाहाला जमिनीकडे सुखरूप वाट मिळावी, एवढ्यासाठीच ती असते. तिच्यातून मॉड्यूलचा प्रवाह सोडला आणि पुढे कुठे ती तार तुटली किंवा तिचा जॉइंट सुटला, तर फ्रिज, वॉशिंग मशीन अशा त्या तारेला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा धातूचा भाग मॉड्यूलच्या आतल्या सर्किटमधून फेजशी, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या तारेशी, जोडला जातो. आपल्या संरक्षणासाठी घातलेली तारच मग झटका देणारी ठरते.

आपल्या बोर्डात न्यूट्रल नाही, यात तेव्हाच्या वायरमनची चूक नाही. साध्या स्विचला न्यूट्रल लागतच नाही. फेज स्विचमध्ये येतो, तिथून दिव्याकडे जातो, आणि न्यूट्रल परस्पर दिव्यापाशी पोहोचवलेला असतो. स्मार्ट मॉड्यूलला मात्र दिवा बंद असतानाही नेटवर्कशी संपर्क राखायचा असतो, म्हणून स्वतःपुरती थोडी वीज त्याला सतत लागते, आणि त्यासाठी फेज व न्यूट्रल दोन्ही लागतात.

प्रथम घरातले सगळे बोर्ड पाहून घ्यावेत. ज्या बोर्डावर सॉकेट आहे, तिथे न्यूट्रल आलेला असतोच. मात्र तो ओळखताना केवळ तारेच्या रंगावर विसंबू नये, आणि मल्टिमीटरच्या एका आकड्यावर तर नाहीच नाही. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये मीटर २३० व्होल्टच्या आसपास दाखवतो, आणि अर्थिंग ठीक असेल तर फेज व अर्थिंग यांच्यामध्येही जवळजवळ तेवढेच दाखवतो. म्हणून जाणकार वायरमन मेन स्विच बंद करतो, डीबीमध्ये (घरातली सगळी सर्किटे जिथून निघतात त्या मुख्य पेटीत) त्या सर्किटचा न्यूट्रल सोडवतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तारेची सलगता तपासून मगच खात्री देतो. याला वेळ लागतो, तो द्यावा.

जिथे न्यूट्रल नाहीच, तिथे पाइपमध्ये जागा असेल तर नवीन तार ओढून घेणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे. काही जण मॉड्यूल छतावरच्या दिव्यापाशी बसवण्याचे सुचवतात, कारण न्यूट्रल तिथे असतो. पण तिथे कायमचा फेज नसतो, त्यामुळे भिंतीवरचा स्विच पूर्वीसारखा चालवायचा असेल, तर एक तार ओढण्याचे काम तिथेही टळत नाही. बिनन्यूट्रलची मॉड्यूलही मिळतात. ती आपली वीज दिव्यातूनच घेतात, म्हणजे दिवा बंद असतानाही त्यातून अगदी थोडा प्रवाह जात राहतो. जुन्या फिलामेंटच्या बल्बला त्याने काही फरक पडत नसे. ५ किंवा ९ वॉटचा एलईडी दिवा मात्र तेवढ्यानेही रात्री मिणमिणतो किंवा थांबून थांबून लुकलुकतो. अशा वेळी मॉड्यूलच्या निर्मात्यानेच दिलेला छोटा कपॅसिटर दिव्याला समांतर जोडला की बहुधा हा त्रास थांबतो. एक-दोन दिव्यांसाठी ही तडजोड चालेल. सगळ्या घरासाठी मी ती सुचवणार नाही.

प्रश्न: पहिली दोन स्मार्ट मॉड्यूल बसवली तेव्हा काही झाले नाही. आणखी बसवल्यावर आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) अधूनमधून ट्रिप होऊ लागली. वायरमन म्हणतो, आरसीसीबी काढून टाका. मॉड्यूल खराब आहे का?

उत्तर: आरसीसीबी काढू नये. ती काहीतरी खरे सांगत आहे आणि ते ऐकायला हवे.

हाच अनुभव मी माझ्या स्वतःच्या घरी घेतला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आमच्याकडे दिव्यांच्या सर्किटांसाठी एक आणि सॉकेटांसाठी दुसरी, अशा दोन आरसीसीबी आहेत. दिवाणखान्याच्या बोर्डात मॉड्यूलला फेज दिव्याच्या सर्किटचा दिला होता आणि न्यूट्रल मात्र हाताशी असलेल्या सॉकेटचा. दिवा लागत होता, मोबाइलवरून बंदही होत होता. वरकरणी सर्व ठीक होते. पण आरसीसीबी फक्त एकच गोष्ट पाहते: फेजमधून जितका प्रवाह गेला, तितकाच न्यूट्रलमधून परत आला का? आमच्याकडे मॉड्यूलचा प्रवाह जात होता एका आरसीसीबीतून आणि परतत होता दुसरीतून. एका मॉड्यूलचा स्वतःचा प्रवाह काही मिलिअँपिअरच असतो, त्यामुळे एका-दोनांनी काहीच कळत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कधीही ट्रिप होऊ शकते, आणि अशी चुकीची जोडणी तीन-चार बोर्डांत झाली की बेरीज नेमकी त्या टप्प्यात येऊन पोहोचते. म्हणूनच ती कधी ट्रिप होते आणि कधी होत नाही.

तेव्हा प्रत्येक मॉड्यूलला ज्या सर्किटचा फेज दिला आहे, त्याच सर्किटचा न्यूट्रल दिला आहे ना, हे तपासून घ्यावे. घरात इन्व्हर्टर असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल आणि थेट पुरवठ्याचा न्यूट्रल कुठल्याशा बोर्डात एकत्र बांधून टाकलेला मी अनेक घरांत पाहिला आहे.

जोडणी निर्दोष निघाली, तर मेगरने तारांच्या इन्सुलेशनची चाचणी करून घ्यावी. ही चाचणी ५०० व्होल्टवर होते आणि निदान १ मेगाओहम रोध मिळायला हवा. चांगल्या वायरिंगमध्ये तो याच्या कितीतरी पट असतो. चाचणीपूर्वी मॉड्यूल आणि इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणे सोडवून ठेवावीत, नाहीतर तीच जळायची. नवीन आरसीसीबी घेण्याची वेळ आली, तर ‘एसी’ प्रकाराऐवजी ‘ए’ प्रकारची घ्यावी. इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून होणारी गळती पुष्कळदा शुद्ध एसी स्वरूपाची नसते, ती एकाच दिशेने स्पंदत असते, आणि ‘ए’ प्रकार तीही ओळखतो.

प्रश्न: गीझर आणि पाण्याचा पंप स्मार्ट प्लगवर चालवावा का? प्लगवर १६ अँपिअर लिहिले आहे.

उत्तर: प्लगवरचा आकडा फक्त प्लगचा असतो. त्याच्या मागचे सॉकेट, सॉकेटमागचा जॉइंट आणि डीबीपर्यंत जाणारी तार यांच्याबद्दल तो काहीही सांगत नाही.

२००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो आणि ३००० वॉटचा १३ अँपिअर. यासाठी डीबीपासून थेट येणारी, निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार हवी. मोठ्या गीझरला आणि एअर कंडिशनरला ४ चौरस मिलिमीटरची घालणे शहाणपणाचे. दिव्यांच्या १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेतून लूप काढून गीझरचे सॉकेट दिलेले असेल, तर स्मार्ट प्लगचा विषय तूर्त बाजूला ठेवून आधी ते बदलावे. एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की सर्किट तोडणारा स्विच, हीही तारेच्या जाडीला शोभेल अशीच हवी. सतत ट्रिप होते म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२ ची एमसीबी बसवणे म्हणजे तार तापत असताना तिचा आवाज बंद करणे होय.

जॉइंटकडे तर कोणीच पाहत नाही. सैल जॉइंटचा रोध केवळ ०.१ ओहम असला, तरी १० अँपिअर प्रवाहाला त्या एवढ्याशा जागी १० वॉट उष्णता तयार होते. दिव्यातून १० वॉट खोलीभर पसरतात. इथे ते नखाएवढ्या तांब्यावर आणि त्याभोवतीच्या चिकटपट्टीवर साचतात. गीझरचा बोर्ड उघडल्यावर प्लास्टिकचा पिवळट डाग, कडक होऊन तडकलेले आवरण आणि काळसर पडलेले तांब्याचे टोक दिसले, तर ती या उष्णतेची खूण समजावी. तारा पिळून वर टेप गुंडाळण्याऐवजी योग्य मापाचे कनेक्टर वापरावेत, आणि काळवंडलेला भाग कापून ताजे तांबे उघडे करून मगच जोडणी करावी.

पंपाची गोष्ट वेगळी आहे. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर घेते, आणि बंद होताना संपर्कबिंदूंमध्ये ठिणगी पडते. मॉड्यूलमधल्या लहान रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) बिंदू त्यामुळे एकमेकांना चिकटू शकतात. मग मोबाइलवर ‘बंद’ दिसते आणि पंप चालूच राहतो. म्हणून मॉड्यूलने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोठा भार सोसणाऱ्या दणकट रिलेची, कॉइल चालवावी आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने सोसावा. टाकीत पाणी नसताना मोटर आपोआप थांबेल अशी सोयही हवी, कारण दूरवरून पंप सुरू करणाऱ्याला टाकी दिसत नसते. आणखी एक सांगतो: मोबाइलवरून बंद केलेला गीझर दुरुस्तीच्या दृष्टीने बंद नसतो. मेकॅनिकने हात लावण्यापूर्वी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच बंद झालाच पाहिजे.

प्रश्न: घराचे नूतनीकरण चालू आहे आणि भिंती उघड्या आहेत. स्मार्ट उपकरणे दोन-तीन वर्षांनी घेऊ. आता काय करून ठेवावे?

उत्तर: आपण योग्य वेळी विचारले आहे, कारण प्लॅस्टर झाल्यावर याच कामांना दसपट खटाटोप पडतो. प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणि अर्थिंग आणावे, स्विचचे बॉक्स खोल घ्यावेत, कारण मॉड्यूल आणि तारांचे वळसे उथळ बॉक्समध्ये कोंबले की तिथेच उष्णता आणि सैल जॉइंट यांची सुरुवात होते. पडद्यांच्या मोटरसाठी खिडकीच्या वर, कॅमेऱ्यासाठी दाराबाहेर आणि राउटरसाठी घराच्या मध्यावर छताजवळ एकेक पॉइंट ठेवावा. राउटरच्या जागेपासून प्रत्येक मोठ्या खोलीत एक कॅट-६ (नेटवर्कची) केबल न्यावी, पण विजेच्या तारांच्या पाइपमधून नव्हे, स्वतंत्र पाइपमधून. एक-दोन रिकामे पाइप आत ओढतार घालून सोडून द्यावेत. डीबीमध्ये काही जागा मोकळ्या राहू द्याव्यात आणि व्होल्टेज अचानक उसळले तर उपकरणे वाचवणारा टाइप-२ सर्ज प्रोटेक्टर तिथे बसवून घ्यावा. अर्थिंग नीट नसेल, तर उसळलेल्या व्होल्टेजला जायला चांगली वाट राहत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

प्लॅस्टर करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून तिची छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे भिंतीत खिळा मारताना त्यांचा उपयोग कळतो.

प्रश्न: इंटरनेट बंद पडले तर घर अंधारात राहील का? आणि ही सगळी उपकरणे सतत चालू राहून किती वीज खातात?

उत्तर: मॉड्यूल भिंतीवरच्या नेहमीच्या स्विचशी जोडलेले असेल, तर नेट असो वा नसो, हाताने दिवा लागतोच. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि मुलांना ज्या स्विचची सवय आहे, तो काढून केवळ मोबाइलवर किंवा आवाजावर चालणारी व्यवस्था मी कोणालाही सुचवत नाही. घरातल्या घरात आज्ञा पोहोचाव्यात, यासाठी ज्यांचे नियंत्रण स्थानिक नेटवर्कवरच चालते, अशी उपकरणे निवडावीत. २०२२ साली आलेले मॅटर हे स्मार्ट उपकरणांचे सामाईक मानक याच दिशेने आहे. ते वाय-फाय, थ्रेड (कमी वीज लागणारे बिनतारी नेटवर्क) आणि इथरनेटवर चालते. बॉक्स धातूचे असतील तर मॉड्यूलचा सिग्नल आतच अडतो, त्यामुळे तिथे आधी एकच मॉड्यूल बसवून पाहावे.

विजेचा हिशेब सोपा आहे. एका मॉड्यूलला निष्क्रिय अवस्थेत साधारण अर्धा वॉट लागतो असे धरले, तर ३० मॉड्यूलना १५ वॉट, म्हणजे दिवसाला ३६० वॉट-तास आणि महिन्याला जवळजवळ ११ युनिट. हा खर्च अवाढव्य नाही, पण शून्यही नाही. म्हणून ज्या दिव्याला खरोखर वेळापत्रकाची किंवा दुरून चालवण्याची गरज आहे, त्याच्याच बोर्डात मॉड्यूल बसवावे आणि कोठीघरातल्या दिव्याला साधा स्विचच राहू द्यावा.