संत्र्याची चेन काढाल, पण चालवेल कोण?

प्रश्न : भाऊ, आम्ही तिघं मित्र, दोघं मिहानमध्ये जॉबला अन् एकाच्या घरची काटोलला संत्र्याची बाग. माल कोणत्या बागेतला, कधी तोडला, कळमन्यात कोणत्या अडत्याकडे गेला हे सगळं ब्लॉकचेनवर (अनेक मशिनींवर एकसारखी ठेवलेली नोंदवही) टाकायचं डोक्यात आहे. इथेरियम या सगळ्यांसाठी खुल्या चेनवर टाकावं तर गॅस फी (नोंद टाकायचं शुल्क) कधी वाढेल भरवसा नाही, म्हणून स्वतःचीच चेन काढायची म्हणतो. चेन बांधायच्या तयार किटांपैकी कॉसमॉस एसडीके घेऊ की सबस्ट्रेट?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : गो ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर कॉसमॉस, विषय संपला. खाती, बॅलन्स, स्टेकिंग (चेन चालवणाऱ्यांनी कॉइन तारण ठेवणं), मतदान याचे मॉड्यूल आयतेच मिळतात, तुमचं संत्र्याचं तेवढं लिहायचं, मशिनींचं एकमत करायचं काम खाली कॉमेटबीएफटी हे सॉफ्टवेअर बघतं, अन् इग्नाइट या टूलच्या एकदोन कमांड मारल्या की लॅपटॉपवर ब्लॉक (नोंदींचे गठ्ठे) निघायला लागतात. सबस्ट्रेट रस्ट या दुसऱ्या भाषेत आहे, आता पोल्काडॉट एसडीकेत गेलंय. त्यात चेनचे नियम वॅसम (कुठंही चालणारा कोड) करून चेनवरच ठेवतात, म्हणून नियम बदलताना हार्ड फोर्क, म्हणजे सगळ्यांनी एकदम नव्या सॉफ्टवेअरवर जाणं, करावा लागत नाही, हे भारीच आहे, पण रस्ट शिकता शिकता बहार निघून जाईल.

खरी मेख वेगळीच आहे बाप्पा. कॉमेटबीएफटीत ब्लॉक पक्का व्हायला दोन तृतीयांशपेक्षा जास्त मतं लागतात. तुम्ही तिघं, म्हणजे तीन मशिनी लावाल, बरोबर? मग उन्हाळ्यात एकाकडची लाइट गेली की उरली दोन, म्हणजे बरोब्बर दोन तृतीयांश, जास्त नाही, अन् चेन जागच्या जागी ठप्प. चार असले तर एक पडलेला चालतो, दोन पडून चालत नाही. अन् चारही मशिनी तुमच्याच असतील तर मग चेन कशाला, पोस्टग्रेस हा साधा डेटाबेस लावा ना, फुकट आहे! डीवायडीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजनं 2023 मध्ये कॉसमॉस एसडीकेवर स्वतःची चेन काढली ती चालली, कारण धंदा आधीपासून होता, व्हॅलिडेटर, म्हणजे मशीन लावून ब्लॉकवर मत देणारे, व्हायला लोक तयार होते.

आणखी एक, आंबिया बहाराचा माल कोणी मृगाचा म्हणून टाइप केला तर चेन तेच खोटं जपून ठेवेल, तिला काय कळतंय.

म्हणून आधी कळमन्यात जा, अडते, ट्रान्सपोर्टवाले, शेतकरी कंपनी यांना विचारा, सर्व्हर स्वतःच्या खर्चानं ठेवता काय. चारपाच जण हो म्हणाले अन् सगळे ओळखीतलेच असले तर हायपरलेजर फॅब्रिक हे ठरावीक सभासदांच्या चेनचं सॉफ्टवेअरही बघून घ्या, त्याला कॉइनच लागत नाही, स्टेकिंगची कटकटच नाही.