ईएसआर वाढला आणि झोप उडाली

"माझा ईएसआर वाढलाय, कॅन्सर तर नसेल ना?" नागपुरात धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा येतो, की त्यावर लिहायचंच ठरवलं. ईएसआर म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी किती वेगानं खाली बसतात ते मोजणारी तपासणी. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना डॉक्टरांनी 'काळजीचं कारण नाही' असं आधीच सांगितलेलं असतं. तरी झोप लागत नाही.

नागपूरच्याच महाल भागातल्या एका ताईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय 52. सारखा थकवा, म्हणून तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन 9.4, ईएसआर 42. शेजारी '0 ते 20' छापलेलं आणि 42 ठळक अक्षरांत. फिजिशियननी नीट तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांनी बोलावलं. ताई मात्र दर आठवड्याला नव्या लॅबमध्ये जाऊन ईएसआर करू लागल्या. 36 आला की दोन घास जायचे, 45 आला की रात्रभर येरझाऱ्या.

"मॅडम, मला झोपच नाही येऊन राहिली. हा वाढून काऊन राहिला?"

भीती वाटते त्या माणसाला तो आकडा कुठून येतो हे कळलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मी कागदावर नळी काढली. गोठू नये असं औषध मिसळलेलं रक्त उभ्या नळीत तासभर ठेवतात. तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर किती मिलिमीटर पिवळसर पाणी सुटलं ते मोजतात. स्वीडिश डॉक्टर वेस्टरग्रेन यांची ही पद्धत शंभर वर्षं जुनी आहे. शरीरात कुठे दाह, म्हणजे आतली सूज, असला की रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर बसतात. पण रक्त कमी असलं तरी त्या लवकर बसतात. गरोदरपणात आकडा वाढतो, वयानुसारही वाढतो. बायकांसाठी वरची मर्यादा काढायला वयात 10 मिळवून निम्मं करायचा ढोबळ हिशेब आहे. ताईंची मर्यादा 31 येते. खोली तापलेली असली, नळी जरा तिरकी राहिली, तरी आकडा फुगतो. उलट आपल्या विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, त्यांची चळतच नीट लागत नाही, म्हणून आजार असूनही ईएसआर कमी दिसू शकतो. दाह कुठे आणि कशामुळे आहे, हे ही तपासणी सांगत नाही.

ताईंनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या मोठ्या दिरांच्या फाईलीतही पहिल्या पानावर हाच होता."

इथे खरी गाठ होती. दिरांचं शेवटचं सगळं ताईंनीच केलं होतं.

"त्यांना काय काय होत होतं?" मी विचारलं.

"रोज संध्याकाळी ताप. वजन उतरून अर्धे झाले होते. रात्री घामानं चादर ओली."

"आणि तुम्हाला?"

त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. "मला... थकवा आहे."

"ताप?"

"नाही."

"वजन?"

"वाढलं," म्हणाल्या, आणि किती तरी दिवसांनी हसल्या.

आकडा घाबरवत नाही, त्याला आपण चिकटवलेला अर्थ घाबरवतो, हे मी वर्षानुवर्षं मानत आले आहे. ताईंच्या बाबतीत तो अर्थ दुसऱ्याच्या फाईलीतून आला होता. तो त्यांच्याच तोंडून वेगळा झाला, याचं मला मोल वाटतं. मी कितीही समजावलं असतं तरी ते आतपर्यंत गेलं नसतं.

मग एकच नियम ठरवला: डॉक्टर सांगतील तेव्हाच तपासणी. पुन्हा तपासून मिळणारा दिलासा रात्रीपर्यंतही टिकत नाही आणि पुढच्या तपासणीची ओढ मात्र वाढवतो. पहिले पंधरा दिवस ताईंना फार जड गेले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.2, ईएसआर 28. झोप त्याच्या कितीतरी आधी परतली होती.

घरच्यांनी 'काही नाही होत गं' एवढ्यावर थांबू नये. 'डॉक्टरांनी पुढची तपासणी कधी सांगितली?' असं विचारावं आणि तोवर फाईल कपाटात ठेवावी. मात्र ताप, घटतं वजन, रात्रीचा घाम, सकाळी आखडलेले सांधे यांपैकी काही असेल किंवा आकडा शंभराच्या वर असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. पन्नाशीनंतर कानशिलात नवीच डोकेदुखी सुरू झाली, चावताना जबडा दुखू लागला किंवा नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी दाखवा. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो.