जुना पासवर्ड परत का मिळत नाही?

प्रश्न: पासवर्ड विसरला की वेबसाइट नवाच ठेवायला लावते. जुना त्यांच्याकडे नसतो का?

उत्तर: नसतो, आणि नसायलाच हवा. पासवर्डवर हॅश फंक्शन नावाची गणिती प्रक्रिया चालवून आलेलं उत्तर (हॅश) तेवढं साठवतात. एसएचए-२५६ या हॅश फंक्शनला एक अक्षर द्या किंवा अख्खं पुस्तक, उत्तर २५६ बिटांचंच येतं आणि त्यावरून मागे जाता येत नाही. लॉगिनच्या वेळी पुन्हा हॅश काढून जुळवतात. एन्क्रिप्शन वेगळं, तिथे किल्ली असली की मूळ मजकूर परत मिळतो.

पण नुसता हॅश पुरत नाही. सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डांचे हॅश चोर आधीच काढून ठेवतात, म्हणून प्रत्येक खात्याच्या पासवर्डला वेगळं, यादृच्छिक सॉल्ट (हॅश काढण्याआधी मिसळायचा जादा डेटा) जोडावं लागतं. १६ बाइट पुरतात. शिवाय एसएचए-२५६ फार वेगवान आहे. ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासून होतात. म्हणून आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट असं मुद्दाम संथ ठेवलेलं हॅश फंक्शनच वापरावं. (बीक्रिप्ट साधारणपणे पहिले ७२ बाइटच पाहतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, कानामात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. म्हणजे २४ चिन्हांपुढचं सगळं वाया!)

एखाद्या साइटने जुना पासवर्ड जसाच्या तसा मेलवर पाठवला, तर तो जिथे जिथे वापरला असेल तिथे आजच बदला.