आईचा कॅन्सर परत आला आहे. घरच्यांनी तिला आधार कसा द्यावा?

तुमच्या आईचा अंडाशयाचा कर्करोग तीन वर्षांनी परत आला आहे, पुन्हा केमो सुरू व्हायची आहे आणि तिला सगळे सांगावे की नाही यावरून घरात दोन मते आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या आईला हाच आजार २०१६ साली झाला आणि २०१९ साली परत आला. त्यानंतर ती तीन वर्षे आमच्यात होती. त्या अनुभवावरून लिहिते.

पहिल्या खेपेला आम्ही भावंडांनी परस्पर ठरवून टाकले होते की, आईच्या कानावर 'गाठ' एवढाच शब्द घालायचा. परळच्या टाटा रुग्णालयात, जिथे रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात तसलीच फाईल असते, तिथे तासन् तास बसूनही तिला काही कळले नसेल असे आम्ही कसे मानले, याचे आज नवल वाटते. दुसऱ्या खेपेला मार्करचा, म्हणजे हा आजार वाढला की रक्तात वाढणाऱ्या सीए-१२५ या प्रथिनाचा, रिपोर्ट भावाच्या मोबाईलवर आला आणि त्याने तो दोन दिवस दडवून ठेवला. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता आईनेच विचारले, "आकडा किती आलाय?" सीए-१२५ पस्तीसच्या आत हवा, हे तिला केव्हाचे पाठ होते. त्या दिवसापासून फाईल तिच्या कपाटात गेली आणि रिपोर्ट आधी तिने पाहायचा, असे ठरले. तुमच्या घरातल्या वादावर माझे उत्तर हेच आहे. दुसऱ्या खेपेला या आजारातले सर्वांत जास्त कळणारे माणूस घरात एकच असते, आणि ते म्हणजे स्वतः पेशंट.

आकडा वाढूनही डॉक्टर लगेच केमो देत नसतील, तर तो हलगर्जीपणा समजू नका. ब्रिटनसह काही देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. केवळ मार्कर वाढला म्हणून उपचार सुरू केलेल्या स्त्रिया लक्षणे दिसेपर्यंत थांबलेल्या स्त्रियांपेक्षा जास्त जगल्या नाहीत, उलट त्यांचे रोजचे जगणे लवकर खालावले.

आधीची केमो संपून सहा महिन्यांहून अधिक काळ गेला असेल, तर बहुधा कार्बोप्लॅटिनच्याच गटातले औषध पुन्हा देतात. औषध ओळखीचे म्हणून आपण निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो, कारण त्याची ॲलर्जी पहिल्या काही डोसांना क्वचित दिसते, तर एकूण सात-आठ डोस झाल्यावर, म्हणजे नेमकी दुसऱ्या खेपेत, अधिक दिसते. आईचा तो आठवा डोस होता. ती एका हाताने दुसरा तळवा सारखी चोळत होती आणि "उगाच सिस्टरला कशाला हाक मारायची" म्हणून गप्प होती. मी तळवे उलटे करून पाहिले तर ते लालभडक झाले होते. सिस्टरने तत्काळ ड्रिप थांबवली. म्हणून सोबतीला बसणाऱ्याने मोबाईल बाजूला ठेवून तिच्या हातांकडे आणि चेहऱ्याकडे लक्ष द्यावे. घरी ताप १००.४ अंशांवर गेला, तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच रुग्णालय गाठावे.

पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधाने बोटांना मुंग्या येतात, आणि दुसऱ्या खेपेला आधीच्या उरलेल्या बधिरतेवर नवी भर पडते. आईला ब्लाउजची हुके लावता येईनात, तव्याचा चटका कळेना. म्हणून आम्ही तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढले. ती सोफ्यावर बसून आठवडाभर जवळजवळ बोललीच नाही. मग ओट्याजवळ खुर्ची ठेवली: फोडणी माझी, मिठाचा अंदाज तिचा. केमोने तिची चव गेलेली होती, त्यामुळे भाजी रोज खारट व्हायची. आम्ही ती मुकाट्याने खाल्ली आणि भावाने ताकाचे प्रमाण वाढवले.

नातेवाइकांचे फोन शक्यतो तुम्ही घ्या. "मागच्या वेळी जिंकलीस, आताही जिंकशील" असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण आजार परत आला म्हणजे आपणच कुठे तरी हरलो, असे आईला त्यातून वाटे. पुढच्या अवस्थेत सापडलेला हा कॅन्सर नीट उपचार होऊनही बहुतेकींना परत येतो. पथ्य मोडल्यामुळे नव्हे. हे एकदा मावशीला जरा चढ्या आवाजातच सांगावे लागले.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, करा. आम्ही सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने येत असू. रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर उपचारांच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला पूर्ण सवलत मिळते आणि सोबत्याला ७५ टक्के. या कर्करोगाशी संबंधित, आईकडून मुलांत येऊ शकणाऱ्या बीआरसीए जनुकदोषाची तपासणी झाली नसेल तर तीही विचारा, कारण तिच्यावर आईच्या पुढच्या गोळ्या ठरू शकतात आणि तुम्हा भावंडांनाही ती लागू आहे. वेदना किंवा उलट्या आवरत नसतील, तर पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, विभागाची मदत केमो चालू असतानाच घ्यावी. तिकडे पाठवले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, हा आमचा समज चुकीचा होता.

या उपचाराने आजार जाईल की आटोक्यात राहील, हा प्रश्न आम्ही दोन भेटी टाळला. तिसऱ्या भेटीत तो आईनेच विचारला. "आटोक्यात ठेवू," डॉक्टर म्हणाले. त्यावर तिने लगेच पुढचा प्रश्न केला: भाचीच्या लग्नासाठी पुढचा डोस चार दिवस पुढे ढकलता येईल का? डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट चाळले आणि फाईलवर नवी तारीख लिहिली. तुमच्या आईच्या मनातही अशी एखादी तारीख असेल, तर ती पहिल्या डोसच्या आधीच विचारून घ्या.