आई म्हणते "मी बघते", मग परत वर्दी घालू का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी ग्वाल्हेरला ठाठीपूरमध्ये राहतो. आर्मीत २२ वर्षं काढून मागच्या वर्षी नायक म्हणून पेन्शनवर आलो, वय ४१. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ६ चा, आई ६८ ची आणि तिला शुगर आहे. सध्या एका ठिकाणी सिक्युरिटी सुपरवायझर आहे, बारा तास ड्युटी, पगार पेन्शनपेक्षाही कमी आणि घराचा हप्ता चालूच आहे. माझ्याबरोबरचे दोघं डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, सैन्याच्या ठिकाणांवर पहारा देणारं दल) परत भरती झाले, मलाही ये म्हणतात. आई म्हणते तू जा, मी बघते मुलांचं. बहीण इथेच ग्वाल्हेरात, शिंदे की छावणीत असते. एकट्या बापाला घेतात का, आणि मी जावं का?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण माझे बाबा आर्मीतून आल्यावर वर्षभरातच परत डीएससीत गेले होते आणि मी तेव्हा सातवीत होते, म्हणजे तुमच्या मुलीएवढीच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. डिफेन्स सिक्युरिटी कोअरच्या भरतीत वय, मेडिकल, डिस्चार्ज बुकातलं कॅरेक्टर आणि पेन्शन आल्यावर मध्ये किती गॅप गेली हे बघतात, त्यामुळे फार वर्षं विचार करत बसताही येत नाही. घरी मुलं किती आणि त्यांना सांभाळणार कोण, हे तिथे तुम्हाला कोणी विचारणार नाही. आणि मला वाटतं खरी अडचण हीच आहे, कारण कोणी विचारत नाही म्हणून आपणही स्वतःला विचारत नाही.

अमेरिकेच्या सैन्यात एकट्या पालकाला नव्याने भरती सहसा देतच नाहीत, आणि जे आधीपासून नोकरीत आहेत त्यांच्याकडून फॅमिली केअर प्लॅन लिहून घेतात. अचानक जावं लागलं तर मुलं कोणाकडे जाणार, लांबच्या काळासाठी कोण, खर्चाचे पैसे कुठून, शाळेचे दवाखान्याचे कागद कुठे, सगळं त्यात असतं आणि ज्याचं नाव दिलंय त्याचीही सही लागते. आपल्याकडे असं मागत नाहीत, पण तुम्ही घरच्या घरी हा कागद करा, फॉर्म भरायच्या आधी.

कारण आईचं "मी बघते" म्हणजे माया आहे, सोय नाही. आमच्याकडे तर आई होती, आजीही होती, तरी बाबा गेल्यावर घर कसं चालायचं ते मी पाहिलंय. प्रगतीपुस्तकावर आजी सही करायची, थरथरत्या हाताने, आणि बाबा सुट्टीवर आले की विचारायचे सातवीत ना ग तू, तेव्हा मी नववीत होते. त्यांची चूक नव्हती, ते वर्षाची सुट्टी जपून जपून तोडून घ्यायचे. पण मला राग यायचा आणि तो राग मी आईवर काढायचे. तुमच्या मुलीला राग काढायला आई नाही, शुगरवाली आजी आहे. १२ वर्षांच्या मुलीला पाळी सुरू होईल तेव्हा ती कोणाला सांगणार? हे बहिणीशी आत्ताच बोला, लाजू नका. आणि आई आजारी पडली तर मुलं त्याच दिवशी आत्याकडे राहायला जातील का, आत्याच्या घरी जागा आहे का, तिच्या सासरच्यांना चालेल का, दर महिन्याला तिच्या खात्यात किती टाकणार, हे सगळं स्पष्ट आकड्यात. बहिणीला पैसे कसे द्यायचे असा संकोच नको, तिलाच त्रास होतो त्याचा.

आता नोकरीचं. सुरुवात कण्णूरच्या डीएससी सेंटरपासून होते, केरळात. ग्वाल्हेरहून मंगला एक्सप्रेस थेट जाते पण पोचायला जवळपास दोन दिवस लागतात, म्हणजे रात्री फोन आला तर सकाळी घरी असा हिशोब नाही. नंतर पोस्टिंग डेपो, एअरफोर्स स्टेशन, लॅब, नेव्हीचं काही, कुठेही, आणि फॅमिली क्वार्टर मिळेलच असं धरून चालू नका. नायक होतात तरी पुन्हा शिपाई म्हणून सुरुवात, हेही मनाला सांगून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर जुनं पेन्शन चालू ठेवून वर पगार मिळतो, हे खरंच मोठं आहे आणि तुमचा हप्ता त्यात आरामात निघेल. मुलांचा एज्युकेशन अलाउन्स महिन्याला एका मुलाचा २,८१२ रुपये ५० पैसे (१ जानेवारी २०२४ पासूनचा दर). पण दुसऱ्या पेन्शनच्या गप्पा जे मित्र मारतात त्यांना विचारा की त्याला १५ वर्षं लागतात हे माहितीये का. तुम्ही तेव्हा ५६ चे, मुलगी २७ ची. काही महिने कमी पडले म्हणून लोकांना आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलपर्यंत, म्हणजे सैनिकांच्या तक्रारींच्या न्यायाधिकरणापर्यंत, जावं लागलंय. म्हणजे पाच-सात वर्षांत सोडून येणार असाल तर दुसरं पेन्शन हिशोबात धरूच नका.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. २०१९ पासून एकट्या पुरुष सैनिकालाही चाइल्ड केअर लीव्ह आहे, पूर्ण नोकरीत ७३० दिवस, मूल १८ चं होईपर्यंत. पण ती मंजूर व्हावी लागते, युनिटमध्ये माणसं कमी असली की थांबावं लागतं.

मला विचाराल तर, मुलगी दहावी होईपर्यंत ग्वाल्हेर सोडू नका असंच मी म्हणेन, आणि तोपर्यंत बँकेची परीक्षा मनापासून द्या. सरकारी बँकांत क्लार्कच्या जागांत माजी सैनिकांना १४.५ टक्के आणि शिपाई वर्गात २४.५ टक्के आरक्षण आहे, वयात तुमची सगळी सर्विस अधिक ३ वर्षं सूट मिळते, आणि मॅट्रिक असून १५ वर्षं नोकरी झालेल्याला ग्रुप सीसाठी, म्हणजे क्लार्कसारख्या जागांसाठी, ग्रॅज्युएट धरतात. अभ्यास जड जाईल, बारा तासांच्या ड्युटीनंतर तर जाईलच, पण रात्री घरी याल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलं नसेल तर या आठवड्यातच नोंदवा.

आणि हप्त्यामुळे जाणं भागच असेल तर जा, त्यात बाप म्हणून तुम्ही कमी ठरत नाही. मात्र जायच्या आधी मृत्युपत्र करून त्यात बहिणीला मुलांची पालक नेमा, हिंदू बापाला १९५६ च्या कायद्याने तो अधिकार आहे. शाळेत आणि दवाखान्यात तिच्या नावाचं पत्र देऊन ठेवा. स्पर्शवर, म्हणजे सैन्याच्या पेन्शनच्या पोर्टलवर, दोन्ही मुलांची नावं आणि जन्मतारखा आधारशी जुळतात का बघा, पार्ट टू ऑर्डरमध्ये (कुटुंबाची सर्विसमधली नोंद) धाकट्याचं नाव चढलंय का तेही बघा, कारण आई नसलेल्या मुलांना फॅमिली पेन्शनची वेळ आली तर स्पेलिंगवरूनही अडतं.

आणि हे सगळं मुलीला समोर बसवून सांगा. तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर का नको ते पूर्ण ऐकून घ्या. आम्हाला बाबांनी सांगितलं ते ट्रंक भरून झाल्यावर.